छायेला हुलकावणी

सामान हलवणारी माणसं दारात आली तेव्हा शीतलबाई आरवाडे गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या. खालून हाक आली, "आजी, कुठून सुरुवात करू? स्वयंपाकघर आधी की कपाटं?"

"कसली सुरुवात?"

"घर हलवायची. बंगळुरूला जाताय न्हवं? तुमची संमती आलीय की."

"मी कधी दिली?"

त्या माणसानं हातातल्या यंत्राचा पडदा वर धरला. "तुम्ही नाही, आजी. तुमच्या छायेनं दिली. काल संध्याकाळी."

शीतलबाईंचं नाव शीतल होतं, एवढंच. बाकी त्या बाईत शीतल असं काही नव्हतं. त्यांनी मिरच्यांचं सूप तिथंच आपटलं, पदर खोचला आणि जिना उतरून ट्रकसमोर उभ्या राहिल्या. "एक डबा जरी उचललास ना, तर बघ."

छाया म्हणजे काय, हे त्या काळात मिरजेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आपल्याला मात्र सांगावं लागेल. छाया म्हणजे माणसाची यंत्रात ठेवलेली प्रत, चेहऱ्याची नव्हे, स्वभावाची. तुम्ही काय विकत घेता, कुणाशी कसं बोलता, कशावर गप्प बसता, हे सगळं वर्षानुवर्षं साठवून ती तयार होई. शिवाय तब्येतीसाठी म्हणून जो तो कपाळाला एक पातळ पट्टी लावून हिंडत असे, ती मेंदूतल्या हालचाली वाचून छायेला कळवत राही. सुरुवात साधीच झाली. दूध मागवणं, वीजबिल भरणं, डॉक्टरची वेळ घेणं. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून कायदा निघाला, की माणूस उद्या जे म्हणणारच आहे ते छायेनं आज म्हटलं, तर ते त्यानंच म्हटलं असं धरावं. याला पूर्वसंमती म्हणायचे. लोकांनी काय केलं? टाळ्या वाजवल्या! रांगा गेल्या, सह्या गेल्या, हो-नाही करत रात्र रात्र तळमळणं गेलं. आपलं तळमळणंही दुसऱ्यावर सोपवता येतं म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

शीतलबाईंचा मुलगा विहान बंगळुरूला होता. आईनं मिरजेत एकटं राहू नये, असं त्यानं दोनदा सुचवलं होतं आणि दोन्हीदा त्या नाही म्हणाल्या होत्या. छायेनं त्यांचं सगळं आयुष्य उलटून पाहिलं. लग्नाला आधी नाही, पुन्हा नाही, मग हो. खो-खो सोडायला नाही, नाही, मग हो. नवरा गेल्यावर स्कूटर विकायलाही तसंच. ही बाई तिसऱ्यांदा हो म्हणते, हे छायेला दिसलं. मग तिसऱ्यांदा विचारायची वाट कशाला बघायची?

आणि खरं सांगायचं तर छायेचा हिशेब चूक नव्हता. शीतलबाईंना झोंबलं ते तेच.

ट्रकच्या मागोमाग त्यांची सून ईरा रिक्षातून उतरली. सासूला आवराआवरीत मदत करायला म्हणून ती रजा टाकून आली होती. "आई, तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"मला विचारतेस? माझ्या छायेला विचार. तिला सगळं माहीत असतं."

ईरा ओट्यावर बसली. तिचा चेहरा उतरला, पण तिला फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. "माझ्या छायेनं माझा खेळ बंद केला होता, आई. रणवाट. कॉलेजात असल्यापासून खेळायचे मी. तुम्ही चार महिन्यांत कंटाळणारच आहात म्हणे, म्हणून आजच सदस्यत्व बंद. मी काही बोलले नाही. आणि मग खरंच कंटाळले की काय, तेही मला आता कळत नाही."

"आणि तू गप्प बसलीस!"

"भांडायचं तर छायेशी लढावं लागतं ना."

तशी कायद्यात सोय होती. ज्याला आपल्या छायेची सही मान्य नाही, त्यानं तिच्याशी लढून दाखवावं. कारण असं दिलं होतं, की तुमची प्रत्येक चाल तुमच्या आधी छायेला कळत असेल, तर तुमच्यात आणि तिच्यात फरक तो काय? आणि एकदा जरी तुम्ही तिला हरवलंत, तर तिला न कळलेलं काहीतरी तुमच्यात आहे, हे सिद्ध झालं. छाया रद्द, तुमचा शब्द कायम. ही लढाई त्याच रणवाट नावाच्या खेळात होई, कारण तलवारीच्या त्या खेळात एका श्वासात दहा निर्णय घ्यावे लागत. अर्ज करणारे थोडे होते. जिंकलेलं कुणी ऐकिवात नव्हतं.

"शिकव मला," शीतलबाई म्हणाल्या.

"आई, फार अवघड खेळ आहे तो. तरणीताठी पोरं रडतात."

"मी जिल्ह्याच्या खो-खो संघात होते. मी रडवलंय पोरींना. शिकव."

ईरानं सांगलीहून एक जुना खेळसंच पैदा केला आणि ट्रक रिकामा परत गेला. रणवाटेत शिरल्या शिरल्या वेशीवर एक राखणदार उभा असतो, हत्तीएवढा, हातात परशू. नवशिक्यांना मारणं एवढंच त्याचं काम. शीतलबाईंनी कंट्रोलर हातात घेतला आणि मसाला कुटावा तशी बटणं कुटायला सुरुवात केली. राखणदारानं त्यांना एका फटक्यात लोळवलं.

"हाव करू नका, आई. एकच वार. मग मागं."

"एका वारानं काय होतंय त्या रेड्याला?"

"काही होत नाही. पण दुसऱ्या वाराच्या नादात तुम्ही मरता." ईरानं पडद्याचा कोपरा दाखवला. "आणि ही हिरवी रेघ म्हणजे तुमचा दम. वार केला की तो जातो, लोळण घेतली की जातो. सगळा उधळलात तर पळायलाही उरत नाही."

"दम राखायला तू मला शिकवतेस होय?" म्हणत शीतलबाई पुन्हा मेल्या. मग घाईघाईनं औषधाची कुपी प्यायला गेल्या आणि तिसऱ्यांदा मेल्या. ईरा हसायला लागली. "मार बसल्या बसल्या कुपी उघडायची नाही. तो त्याचीच वाट बघत असतो. आधी लांब व्हा. आणि मेलात म्हणून चिडू नका हो, कशानं मेलात तेवढं बघा. बाकी या खेळात शिकण्यासारखं दुसरं काही नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं खरी गोम सांगितली. "परशूकडे बघत जाऊ नका. खांद्याकडे बघा. खांदा एकदा वळला, की तो त्या वाराला बांधला गेला. मधेच त्याला फिरता येत नाही. तेव्हा घाबरून मागं जायचं नाही, उलट त्याच्या कुशीत शिरायचं. परशू डोक्यावरून जातो."

शीतलबाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "अगं, हे तर आमचंच की!"

खो-खोत पाठलाग करणाऱ्या गड्याचं असंच असतं. एकदा त्यानं खांद्यानं दिशा घेतली, की खांबापर्यंत त्याला त्याच दिशेनं जावं लागतं. पळणारा मात्र मोकळा. त्याला कुठंही वळता येतं. उभी हयात उलटली होती, गुडघे बोलत होते, पण अंगात मुरलेलं ते कुठं जातंय? त्या दिवसापासून शीतलबाई खुर्चीवर बसून खेळताना त्यांची पावलं फरशीवर आपोआप नाचायला लागली. राखणदार वार करी, त्या हुकवत राहत, हुकवत राहत, आणि कधीतरी आठवण झाली की एक वार देत. वेशीवर घड्याळ नव्हतं, म्हणून चाललं. एका दुपारी तो धाडकन पडला.

"आडवा केला मेल्याला!" शीतलबाईंनी सुनेला मिठीच मारली.

त्या संध्याकाळी विहानचा फोन आला. आवाजात राग नव्हता, काळजीच होती. "आई, कशाला हा उपद्व्याप? शेवटी तू हो म्हणणारच आहेस ना?"

"म्हणेन की नाही, ते मला अजून ठरवायचंय."

"छायेनं ठरवलंय की."

"तेच म्हणते मी. तिनं ठरवलंय. मी नाही."

त्यानं फोन ठेवला. छायेशी लढायच्या दिवशी मात्र तो बंगळुरूहून आला आणि जिथं ही लढाई व्हायची त्या केंद्रातल्या बाकावर हाताची घडी घालून बसला.

केंद्राचे शास्त्रज्ञ डॉ. ओजस केळुसकर यांनी शीतलबाईंच्या कपाळावरची पट्टी नीट बसवली. चाळिशीचा, मृदू बोलणारा माणूस होता. छायेचं मेंदूवाचन ज्यांनी उभं केलं त्यांतला तो एक. "तीन डाव मिळतील, काकू. एक जिंकलात तरी पुरे."

पडद्यावर धुकं विरलं आणि छाया पुढं आली. लढताना तिला माणसाचं ऐन भरातलं रूप मिळे. दोन वेण्या, जिल्हा संघाचा बनियन, हातात तलवार. एकोणीस वर्षांची शीतल. "अगं बाई," शीतलबाई पुटपुटल्या, "ही तर मीच."

पहिला डाव त्यांनी ईरानं शिकवल्याबरहुकूम खेळला. खांद्याकडे बघितलं, थांबल्या, एकच वार केला. पण वार पोचायच्या आधीच छाया तिथून गेलेली असे. डावीकडे लोळण घ्यावी, तर ती डावीकडे आधीच उभी. शिकलेलं सगळं खरं होतं आणि काहीच उपयोगी पडलं नाही. चारी मुंड्या चीत.

"हे कसं रे?" शीतलबाई कडाडल्या. "तिला आधीच कसं कळतं?"

ओजसनं त्यांना पाणी दिलं. "दूध उतू जायच्या आधी पातेल्याचा आवाज बदलतो बघा. तसं डावीकडे जायचं तुम्ही ठरवलंत असं तुम्हाला वाटतं, त्याच्या आधीच मेंदूत त्याची तयारी सुरू झालेली असते. तिला आम्ही पूर्वचाहूल म्हणतो. पट्टी ती ऐकते. तुम्हाला कळायच्या आत छायेला कळतं."

"मग ठरवतं कोण? मी, का माझं पातेलं?"

"हाच प्रश्न आम्हालाही पडला होता."

"मग?"

"उत्तर सापडायच्या आधी कायदा झाला," ओजस म्हणाला आणि त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

शीतलबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तू लढलास का रे कधी तुझ्या छायेशी?"

"नाही."

"का?"

"हरलो तर?" तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. मग बाकाकडे एकदा बघून हळूच म्हणाला, "एक फट आहे, काकू. हे मी तुम्हाला सांगू नये खरं तर. तयारी सुरू झाली तरी अगदी शेवटपर्यंत माणूस ती रद्द करू शकतो. आणि रद्द करण्याची चाहूल पट्टीला वेळेत लागत नाही. आम्ही तिला नकाराची फट म्हणतो. पापणी लवते ना, तेवढीच. पण खोटं नाटक करून चालत नाही. नुसतं डावीकडे जायचं दाखवलंत, तर आत तयारीच नसते आणि छाया फसत नाही. खरंच जायला निघायला हवं."

"आणि जायचं नाही."

"हो. ते कुणाला जमत नाही."

शीतलबाई हसायला लागल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे, आमचे कदमसर मैदानावर घसा फोडून हेच ओरडायचे! खोटी हुलकावणी देऊ नकोस, आंधळ्यालाही कळते. खरंच निघ, आणि जाऊ नकोस! तुला हे आज कळलं होय?"

दुसरा डाव बघायला केंद्रातली इतर माणसंही गोळा झाली. शीतलबाई डावीकडे निघाल्या, मनापासून निघाल्या, आणि गेल्याच नाहीत. छायेची तलवार हवेत फिरली. पुन्हा निघाल्या, पुन्हा थांबल्या. छाया चुकली. खुर्चीखाली पावलं अशी थिरकत होती की ईराला वाटलं या आता उठून पळत सुटतात. छाया एकदाही त्यांना शिवू शकली नाही. घड्याळ संपलं, घंटा झाली आणि शीतलबाईंनी दोन्ही हात वर केले. "नाबाद! अख्खी पाळी नाबाद!"

पडद्यावर अक्षरं उमटली: विजयी, छाया.

"का?" त्या ओरडल्या. "शिवली का मला ती? शिवली?"

"तुम्हीही तिला शिवला नाहीत, काकू," ओजस म्हणाला. "वेळ संपली आणि दोघी उभ्या असल्या, तर सही कायम राहते."

शीतलबाईंचे हात खाली आले. पळणाऱ्यानं पाठलाग करणाऱ्याला शिवायचं नसतं, शिवलं की बाद, हे त्यांच्या हाडामांसात इतकं भिनलं होतं, की हातात तलवार आहे हेच त्या विसरल्या होत्या. आता एकच डाव उरला होता. तो गेला, की घर गेलं, आणि यापुढं आयुष्यात त्या जे जे म्हणतील ते सगळं त्यांच्या आधी ती दोन वेण्यांची पोरगी म्हणून टाकणार होती. त्यांना रडू यायला लागलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

ईरा खुर्चीशेजारी उकिडवी बसली. "आई, पळतीची पाळी झाल्यावर तुम्ही काय करायचात?"

"पाठलागाला बसायचो."

"मग? अर्धाच खेळ खेळलात तुम्ही. ती हुकली, की पाळी बदलली असं समजा. आता तुम्ही पाठलागावर. शिवा तिला. एकदाच. हाव नाही."

शीतलबाईंनी नाक पुसलं. "लाव रे," त्या ओजसला म्हणाल्या.

तिसऱ्या डावात त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. छायाही उभी. मग त्यांच्या मनात उजवीकडे जायचं आलं, खरंखुरं आलं, पाऊल उचललं गेलं, छायेचा खांदा उजवीकडे वळला. आणि शीतलबाई गेल्या नाहीत. छाया आपल्या वाराला बांधली गेली होती. शीतलबाई तिच्या कुशीत शिरल्या आणि त्यांनी तलवार टेकवली. जोरात नाही. पूर्वी पोरींच्या पाठीला हात लावत तशी.

एकोणीस वर्षांची शीतल गुडघ्यावर बसली आणि विरून गेली.

ईरानं किंकाळी फोडली. केंद्रातली माणसं टाळ्या वाजवत होती. ओजस पडद्यासमोर खुळ्यासारखा उभा होता. त्यानं खात्री करून घेतली आणि सांगितलं, "तुमची छाया रद्द झाली, काकू. सही रद्द." मग त्याला राहवलं नाही. "पण तिनं तुमच्याबद्दल जे वाचलं होतं ते चूक नव्हतं. तुम्हाला जायचं आहे. पट्टीवर रोज दिसतं."

"जायचं आहेच!" शीतलबाई म्हणाल्या. "एकटीला घर खायला उठतं मला. रात्री विहानचा आवाज ऐकला की वाटतं, उठावं आणि जावं. तुझ्या यंत्रानं बरोबर वाचलं. पण माझं हो मी देणार. द्यायचं तेव्हा देणार. नाही दिलं तर नाही देणार." त्या बाकाकडे वळल्या. "विहान, आता विचार मला. तिसऱ्यांदा. तू स्वतः विचार."

विहान मान खाली घालून बसला होता.

"अरे विचार की! मला बंगळुरूला न्यायचा अर्ज करताना विचार केला असशीलच ना?"

"अर्ज मी केला नव्हता, आई."

ईरानं चमकून नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे?"

"माझ्या छायेनं केला. तुझ्या छायेनं मंजूर केला. मला मागाहून कळलं. मी करणारच होतो, म्हणून काही बोललो नाही."

"करणारच होतास?"

"असं वाटतं." त्यानं आईकडे बघितलं. लहानपणी ताप आला की तो असाच बघायचा. "खरंच वाटतं का, ते मला सांगता येत नाही."

आईशी बोलायचं म्हणून मुलानं तोंड उघडायच्या आधी आणि मुलाला उत्तर द्यायचं म्हणून आईनं श्वास घ्यायच्या आधी, दोन छायांनी आपसात बोलून घर हलवायचं ठरवून टाकलं होतं. माणसांनी फक्त ट्रकची वाट बघायची होती.

"याचाही अर्ज लिहून घे," शीतलबाई ओजसला म्हणाल्या. "लढू दे याला."

ओजसनं पडद्याला हात लावला, त्यावर विहानची छाया उमटली, त्याच्यासारखीच बाकावर बसलेली, आणि ओजस तिथंच थांबला. "अर्ज येऊन गेलासुद्धा. आणि मागंही घेतला गेलाय." त्यानं वाचून दाखवलं, "अर्जदार विहान आरवाडे यांनी माघार घेतली आहे."

विहाननं ते ऐकलं आणि त्याला हायसं वाटलं. अगदी खरं, मोकळं हायसं वाटलं. मग त्याचीच त्याला इतकी भीती वाटली, की तो बाकाची कड धरून बसून राहिला. उठावं असं त्याला वाटत नव्हतं. उठावंसं वाटलं पाहिजे, असंही वाटत नव्हतं.

शीतलबाई दुखऱ्या गुडघ्यांनी बाकामागं गेल्या. मुलाच्या पाठीवर त्यांनी तळहात टेकवला आणि सगळं केंद्र दणाणेल असं ओरडल्या, "खो!"

विहान उठला.

ओजस पडद्याला चिकटून बघत होता. विहानच्या कपाळावरच्या पट्टीनं काहीही नोंदवलं नव्हतं. उठण्याची चाहूल नाही, तयारी नाही. पडद्यावर विहानची छाया अजून बाकावर बसलेलीच होती.

"आई," विहान म्हणाला, "हा मी उठलो, का तू उठवलंस?"

"ते नंतर बघू," शीतलबाईंनी कंट्रोलर त्याच्या हातात कोंबला. "आधी तिच्या खांद्याकडे बघ."